फ्री एजंट घ्यायचाय? मग कॅपचं गणित मांडताना या चुका टाळा

जून संपत आला की एनबीए या अमेरिकन बास्केटबॉल लीगच्या चाहत्यांचा एक आवडता उद्योग सुरू होतो. आपल्या संघातल्या खेळाडूंचे पगार एका कागदावर मांडायचे, बेरीज पगारमर्यादेतून वजा करायची आणि उरलेल्या आकड्यात कोणता मोठा फ्री एजंट, म्हणजे करार संपून मोकळा झालेला खेळाडू, बसतो ते बघायचं. आयपीएलच्या लिलावात हे गणित चालतं. २०२५ च्या मेगा लिलावासाठी प्रत्येक संघाला १२० कोटी रुपयांची पर्स होती. त्यातून गेले ते गेले, उरले ते उरले. एनबीएची मर्यादा, म्हणजे कॅप, अशी पक्की भिंत नाही. ती ओलांडता येते, पण ठरावीक वाटांनीच, आणि कोणती वाट आधी धरायची यावर बरंच काही ठरतं. तीच नावं, तेच पगार, फक्त सह्यांचा क्रम बदलला तर एका संघाला स्टार मिळतो आणि दुसरा हात चोळत बसतो.

हे फक्त हौशी चाहत्यांचं होतं असं नाही. पगारी तज्ज्ञ बाळगणाऱ्या संघांनीही इथे भरपूर माती खाल्ली आहे.

होल्ड न धरता केलेली बेरीज

सगळ्यात जास्त घोटाळा इथे होतो. करार संपलेला खेळाडू संघाच्या हिशोबातून आपोआप जात नाही. त्याच्या नावावर एक काल्पनिक रक्कम राखून ठेवली जाते, तिला कॅप होल्ड म्हणतात. तीन हंगाम एकाच कराराखाली किंवा संघ न बदलता काढलेल्या खेळाडूवर संघाचे ‘बर्ड राइट्स’ असतात. बोस्टनच्या लॅरी बर्डवरून पडलेलं हे नाव. असा हक्क असेल तर कॅप ओलांडूनही त्याला मॅक्सपर्यंत, म्हणजे नियमातल्या कमाल मर्यादेपर्यंत, पगार देता येतो. पण त्या सवलतीची किंमत म्हणजे हा होल्ड: सरासरीपेक्षा जास्त पगाराच्या खेळाडूसाठी मागच्या पगाराच्या १५० टक्के, कमी पगाराच्या खेळाडूसाठी १९० टक्के. ड्राफ्टच्या, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीच्या, पहिल्या फेरीतल्या नवख्याचा पहिला करार संपत असेल तर २५० किंवा ३०० टक्के.

एक उदाहरण मांडून बघू. २०२५-२६ ची कॅप १५.४६ कोटी डॉलर. समजा संघात सहा खेळाडू करारबद्ध आहेत आणि त्यांचा मिळून पगार ९.२० कोटी. चाहता म्हणतो, सव्वासहा कोटी मोकळे! आता संघाच्या एका खेळाडूचा १.६० कोटींचा करार नुकताच संपला आहे. त्याचा होल्ड २.४० कोटी. पहिल्या फेरीत निवडलेल्या पोराचे ६० लाख. शिवाय यादीत बारापेक्षा कमी नावं असली तर प्रत्येक रिकाम्या जागेसाठी नवख्याच्या किमान पगाराइतकी, सुमारे १२.७ लाखांची रक्कम धरावी लागते. इथे चार जागांचे ५१ लाख. एकूण १२.७१ कोटी झाले. उरले पावणेतीन कोटी. सात ते नऊ वर्षं खेळलेल्या स्टारचा मॅक्स पगार कॅपच्या ३० टक्के, म्हणजे ४.६४ कोटी असतो. बसला का?

तुमचा आकडा बातम्यांमधल्या आकड्याशी जुळत नसेल तर आधी होल्ड तपासा, मग रिकाम्या जागा. बहुतेक वेळा चूक तिथेच सापडते. होल्ड घालवायचा असेल तर त्या खेळाडूवरचे हक्क सोडावे लागतात, आणि हक्क सोडल्यावर तो खेळाडू परत हवा असेल तर मोकळ्या जागेतूनच घ्यावा लागतो.

ज्याची सही थांबू शकते, त्याची आधी घेणं

होल्ड वैरी वाटतो, पण हुशार संघ त्यालाच कामाला लावतात. २०१५ मध्ये सॅन अँटोनियो स्पर्सने कावाय लेनर्डशी आदल्या शरद ऋतूत करार वाढवला नव्हता. त्यामुळे उन्हाळ्यात त्याचा होल्ड होता सुमारे ७२ लाख डॉलर, आणि मिळणार होता १.६४ कोटींचा मॅक्स. स्पर्सनी टियागो स्प्लिटरला अटलांटाला धाडलं, मोकळ्या जागेत लामार्कस ऑल्ड्रिजची सही घेतली, आणि त्यानंतर लेनर्डला मॅक्स दिला. पुढच्या हंगामात हा संघ ६७ सामने जिंकला. क्रम उलटा असता तर ऑल्ड्रिजला जागाच नव्हती.

फिलाडेल्फियाने २०२४ मध्ये हेच केलं. टायरीस मॅक्सीला थांबवून ठेवलं. त्याचा होल्ड सुमारे १.३ कोटी, मॅक्सचं पहिलं वर्ष साडेतीन कोटींचं. मधल्या फरकात पॉल जॉर्ज आला, चार वर्षं, सुमारे २१.२ कोटी डॉलर. नियोजन म्हणून हे अगदी नेटकं होतं. पुढच्या हंगामात जॉर्ज ४१ सामने खेळला आणि संघ ५८ सामने हरला, पण ती चूक कॅपच्या माणसाच्या माथी मारू नका. पस्तिशीकडे झुकलेल्या खेळाडूला चार वर्षं द्यायची की नाही, हा वेगळा विभाग.

यातला धोका खेळाडूच्या बाजूला असतो. तो एक आख्खा हंगाम नव्या कराराविना खेळतो. दुखापत झाली तर त्याचं नुकसान. म्हणून ही युक्ती तिथेच चालते जिथे खेळाडूचा संघावर भरवसा आहे.

तारखांचा घोळ कसा होतो ते लेकर्सनी २०१९ मध्ये दाखवलं. अँथनी डेव्हिससाठीचा सौदा जूनच्या मध्यात ठरला. तो सौदा ६ जुलैलाच कागदावर आला तर दुसऱ्या मॅक्स खेळाडूला पुरेल इतकी जागा उरत नव्हती, आणि हे ठरवाठरवी झाल्यावर सगळ्यांच्या लक्षात आलं. मग धावपळ: तीन खेळाडू वॉशिंग्टनच्या गळ्यात मारले, डेव्हिसने सुमारे ४० लाखांच्या बोनसवर पाणी सोडलं, आणि जागा सुमारे ३.२ कोटींपर्यंत नेली. ज्याच्यासाठी हे केलं तो लेनर्ड क्लिपर्सकडे गेला. लेकर्सनी पुढे विजेतेपद जिंकलं, म्हणून ही गोष्ट कोणी फारशी काढत नाही.

थोडक्या जागेचा मोह

एक कोटीची जागा दिसते म्हणून हक्क सोडून मोकळं व्हावं, असं वाटतं. थांबा. कॅपच्या वर राहणाऱ्या संघाला २०२५-२६ मध्ये १.४१ कोटींचं मिड-लेव्हल एक्सेप्शन, म्हणजे कॅप ओलांडूनही खेळाडू घ्यायची सवलत, मिळत होतं, वर ५१ लाखांचं द्वैवार्षिक एक्सेप्शन, आणि बर्ड राइट्स शाबूत. जागा वापरणाऱ्या संघाला हे दोन्ही मिळत नाही. त्याच्या वाट्याला ८८ लाखांचं रूम एक्सेप्शन. एक कोटी आणि ८८ लाख विरुद्ध १.९२ कोटी: बेरजेतच पहिला पर्याय मागे पडतो, आणि गमावलेल्या हक्कांचा हिशोब अजून केलेलाच नाही. मात्र पूर्ण मिड-लेव्हल वापरलं की पहिला एप्रन, म्हणजे कॅपच्या बरीच वरची दुसरी पगाररेषा (२०२५-२६ मध्ये १९.५९ कोटी), हा त्या हंगामापुरता खरोखर पक्का कठडा होतो.

जागा केली, पण येणार कोण?

डॅलसने २०११ मध्ये विजेतेपद जिंकलं आणि त्या संघाचा बचाव उभा करणाऱ्या टायसन चँडलरला जाऊ दिलं. पुढच्या उन्हाळ्यांत मोठे मासे गळाला लावण्यासाठी जागा हवी होती. चँडलर न्यूयॉर्कला गेला आणि २०१२ मध्ये सर्वोत्तम बचावपटू ठरला. डॅलसच्या गळाला त्या वर्षी डेरॉन विल्यम्स लागला नाही, पुढच्या वर्षी ड्वाइट हॉवर्डही नाही. डर्क नोविट्स्कीच्या कारकिर्दीतली उरलीसुरली चांगली वर्षं या प्रतीक्षेत गेली. माझ्या मते कॅपच्या इतिहासातला हा सगळ्यात महागडा संयम आहे.

दुसरं टोक डेट्रॉइटचं. २००८ च्या नोव्हेंबरात चॉन्सी बिलप्स देऊन संपत्या करारावरचा ॲलन आयव्हरसन घेतला. २००९ मध्ये हातात जागा आली, आणि जागा आहे म्हणून बेन गॉर्डन आणि चार्ली व्हिलानुएव्हा यांना पाच-पाच वर्षांचे करार देऊन टाकले. त्यानंतर प्लेऑफ दिसायला २०१६ उजाडलं.

स्टार येत नसेल तर जागा वापरायचा तिसरा मार्ग असतो, आणि तो फार कमी चाहत्यांच्या यादीत सापडतो: दुसऱ्याचं ओझं उचला, त्याचा मोबदला ड्राफ्ट पिकमध्ये, म्हणजे नवे खेळाडू निवडायच्या हक्कांत, घ्या. २०१३ मध्ये गोल्डन स्टेटला आंद्रे इग्वादाला हवा होता आणि जागा नव्हती. युटाने त्यांचे तीन नकोसे करार उचलले आणि पहिल्या फेरीचे दोन पिक पदरात पाडून घेतले. २०२५ मध्ये मोठी जागा एकट्या ब्रुकलिनकडे होती. त्यांनी डेन्व्हरचा मायकल पोर्टर ज्युनियर घेतला आणि सोबत २०३२ चा विनाअट पिक. आजकाल बडे खेळाडू करार संपण्याआधीच मुदतवाढ घेतात, बाजारात उतरतच नाहीत. त्यामुळे जागा बाळगणाऱ्या संघाला हा मार्ग पहिल्याच दिवसापासून डोळ्यांसमोर ठेवावा लागतो.

अंदाजावर घर बांधणं

कॅप किती असेल याचा अंदाज लीग वेळोवेळी देते. नक्की आकडा जूनअखेरीस कळतो. २०१७-१८ साठी १०.१ कोटींचा अंदाज होता, निघाली ९.९१ कोटी. बोस्टनला गॉर्डन हेवर्डला मॅक्स द्यायचा होता. केली ऑलिनिकवरचे हक्क सोडले, तरी पुरेना. शेवटी अ‍ॅव्हरी ब्रॅडलीसारखा पहिल्या पाचातला गडी डेट्रॉइटला द्यावा लागला.

उलटा झटका २०१६ चा. नव्या टीव्ही करारामुळे कॅप ७ कोटींवरून एकदम ९.४१ कोटींवर गेली. प्रत्येकाच्या खिशात पैसा, बाजारात माणसं तेवढीच. लेकर्सनी टिमोफे मोझगोव्हला ६.४ कोटी आणि लुओल डेंगला ७.२ कोटी दिले, चार-चार वर्षांसाठी. वर्षभरातच मोझगोव्हचा करार खपवायला डिअँजेलो रसेल हा दुसऱ्या क्रमांकाने निवडलेला तरुण सोबत द्यावा लागला. त्याच उन्हाळ्यात गोल्डन स्टेटने केव्हिन ड्युरांट आणला.

आता वाढीला वर्षाला १० टक्क्यांची वेस आहे, त्यामुळे तशी उसळी येणार नाही. पण १० टक्के ही कमाल आहे, हमी नाही. २०२५-२६ मध्ये पूर्ण १० टक्के वाढ मिळाली, आणि त्याच सुमारास पुढच्या वर्षासाठी सुमारे ७ टक्क्यांचा अंदाज आला. आराखडा करताना दोन रकाने ठेवा, एक अंदाजाचा आणि एक त्याहून वीसेक लाख कमी. दुसऱ्या रकान्यात बेत कोसळत असेल तर कोणाला सोडायचं ते आधीच ठरवून ठेवावं.

शब्द दिलाय ना, मग झालं

२००४ मध्ये क्लीव्हलँडकडे कार्लोस बूझरला अवघ्या ६.९५ लाख डॉलरवर आणखी एक वर्ष ठेवण्याचा पर्याय होता. तो त्यांनी सोडला, कारण लगेच मोठा करार करायचं आपसात ठरलंय अशी त्यांची समजूत होती. बूझर युटाला गेला, आणि कॅपमुळे क्लीव्हलँडला तेवढी रक्कम देता येईना. असा शब्द दिलाच नव्हता, असं बूझरचं म्हणणं. २०१५ मध्ये डीआंद्रे जॉर्डनने डॅलसला होकार दिला, जुलैच्या सुरुवातीच्या सहीबंदीच्या काळात मन बदललं आणि क्लिपर्सकडेच राहिला. मोठ्या खेळाडूची वाट पाहून डॅलसचा हात रिकामा राहण्याची ती पहिलीच वेळ नव्हती.

आणि शब्द कागदावर उतरवून लपवला तर? मिनेसोटाने जो स्मिथशी तसं केलं: आधी स्वस्तात खेळ, बर्ड राइट्स मिळाले की मोठा करार. २००० मध्ये ते उघड झालं. करार रद्द, ३५ लाख डॉलर दंड, पहिल्या फेरीचे पाच पिक जप्त. त्यातले काही नंतर परत मिळाले.

स्ट्रेच म्हणजे माफी नव्हे

नकोसा करार मोडून उरलेली रक्कम लांबवता येते, यालाच स्ट्रेच म्हणतात: उरलेल्या वर्षांची दुप्पट अधिक एक, इतक्या वर्षांत. २०२५ मध्ये मिलवॉकीने डेमियन लिलार्डचे सुमारे ११.३ कोटी डॉलर असेच पाच वर्षांवर पसरले. वर्षाला सुमारे सव्वादोन कोटी, संघात नसलेल्या माणसासाठी. त्या बदल्यात इंडियानाच्या माइल्स टर्नरला घेण्याइतकी जागा निघाली. एका उन्हाळ्याची निकड पाच उन्हाळ्यांवर टाकायची असेल तर येणारा खेळाडू त्या तोलाचा हवा. टर्नर त्या तोलाचा आहे, असं मला वाटत नाही.

टर्नरवरून इंडियानाची गोष्ट सांगायलाच हवी, कारण उरलेल्या जागेचं काय करावं याचं ते चांगलं उदाहरण आहे. २०२२ मध्ये त्यांनी डिआंद्रे एटनला चार वर्षं १३.३ कोटींची ऑफर शीट दिली. तो रिस्ट्रिक्टेड फ्री एजंट होता, म्हणजे दुसऱ्याच्या ऑफरइतकी रक्कम देऊन त्याला ठेवायचा हक्क त्याच्या संघाकडे होता. त्या संघाने, फिनिक्सने, लगोलग तेवढीच रक्कम देऊन त्याला ठेवलं. तोवर बाजार ओसरला होता. अशा वेळी घाईने कोणालाही पैसे देणं ही नेहमीची चूक. इंडियानाने जागा हंगामाच्या मध्यापर्यंत राखली आणि २०२३ च्या जानेवारीत टर्नरच्या चालू पगारातच सुमारे १.७ कोटींची भर घालून पुढची दोन वर्षं स्वस्तात बांधून घेतली. कॅपखाली असलेल्या संघालाच हे जमतं. सॅक्रामेंटोने त्याच वर्षी डोमांटास साबोनिससाठी हीच वाट धरली. २०१९ मध्ये मुंबईत वरळीच्या डोममध्ये खेळून गेलेले दोन संघ ते हेच. टर्नर आणि साबोनिस दोघेही तेव्हा इंडियानात होते.

ती स्वस्त दोन वर्षं २०२५ मध्ये संपली. इंडियाना त्या जूनमध्ये अंतिम फेरीच्या सातव्या सामन्यापर्यंत पोचला होता. जुलैत टर्नर मिलवॉकीला गेला, आणि इंडियानाला बदल्यात काहीही मिळालं नाही.