संरक्षणखर्चाचा हिशेब कसा वाचायचा: अंदाजपत्रकापासून कंपनीच्या ताळेबंदापर्यंत

२०२५-२६च्या केंद्रीय अंदाजपत्रकात संरक्षण मंत्रालयाला ६,८१,२१० कोटी रुपये मिळाले. बातम्यांत हा एकच आकडा येतो आणि सगळी रक्कम शस्त्रखरेदीची आहे असं धरून चर्चा सुरू होते. प्रत्यक्षात सैन्यदलांच्या आधुनिकीकरणाचा भाग १,४८,७२२ कोटींचा आहे, म्हणजे एकूण रकमेच्या चौथ्या हिश्शाहूनही कमी. करदात्याचा रुपया कारखान्यापर्यंत कसा जातो आणि कंपनीचा नफा कशातून होतो, हे दोन कागदांवरून शोधता येतं. एक, अर्थमंत्रालयाच्या अंदाजपत्रकाच्या संकेतस्थळावरच्या ‘अनुदानाच्या मागण्या’, म्हणजे मंत्रालयांनी खर्चासाठी लोकसभेकडे मागितलेल्या रकमा. दुसरा, हव्या त्या कंपनीचा वार्षिक अहवाल.

सुरुवात मागण्या वेगळ्या करण्यापासून करा. संरक्षणाच्या चार मागण्या असतात. २०२५-२६मध्ये त्यांचे क्रमांक १९ ते २२ आहेत. १९ ही मंत्रालयाची नागरी मागणी: सीमेवरचे रस्ते, तटरक्षक दल वगैरे, २८,६८३ कोटी. २० महसुली: पगार, शिधा, इंधन, सुटे भाग, दुरुस्ती, ३,११,७३२ कोटी. २१ भांडवली: विमानं, जहाजं आणि इतर सामग्रीची खरेदी वगैरे, १,८०,००० कोटी. २२ निवृत्तिवेतन, १,६०,७९५ कोटी. टक्क्यांत सांगायचं तर अनुक्रमे ४.२, ४५.८, २६.४ आणि २३.६.

कंपन्यांचा धंदा शोधताना बहुतेक जण थेट मागणी २१ उघडतात. ते अपुरं आहे. विमानं बनवणाऱ्या हिंदुस्थान एरोनॉटिक्स या सरकारी कंपनीच्या उलाढालीचा मोठा वाटा विमानांच्या दुरुस्तीचा आणि सुट्या भागांचा आहे, आणि दलांचा देखभालीचा खर्च मुख्यतः महसुली मागणीत असतो. मागणी २१मध्ये, लेखाशीर्ष (हिशेबातल्या खात्याचा क्रमांक) ४०७६ खाली, विमानं आणि विमान-इंजिनांसाठी ४८,६१४ कोटी, नौदलाच्या ताफ्यासाठी सुमारे २४,३९१ कोटी आणि ‘इतर सामग्री’साठी ६३,०९९ कोटी आहेत. ‘इतर सामग्री’ या साध्या नावाखाली सर्वांत मोठी रक्कम आहे, ती ओळ वगळू नका.

यानंतर वाढीचा टक्का तपासा. सगळ्यात जास्त गफलत इथेच होते. २०२४-२५चा भांडवली खर्चाचा मूळ अंदाज १,७२,००० कोटी होता. वर्ष संपत आल्यावर सुधारित अंदाज १,५९,५०० कोटींवर आला. आता २०२५-२६चे १,८०,००० कोटी मूळ अंदाजाशी ताडले तर वाढ ४.७ टक्के निघते, सुधारित अंदाजाशी ताडले तर १२.९ टक्के. गणित दोन्हीकडे बरोबर आहे, पण कोणता पाया घेतला हे न सांगता टक्का छापणं वाचकाची दिशाभूल आहे. सरकारचा इरादा बघायचा असेल तर मूळ अंदाजाशी मूळ अंदाज लावा. खरोखर किती पैसे गेले हे बघायचं असेल तर दोन वर्षांनी येणाऱ्या ‘प्रत्यक्ष’ रकान्याची वाट बघा. तरतूद खर्च का होत नाही? कराराचे पैसे टप्प्याटप्प्याने दिले जातात. जहाजाचा किंवा विमानाचा टप्पा लांबला की हप्ता थांबतो, आणि ३१ मार्चला न खर्चलेली रक्कम तिजोरीत परत जाते.

याच हप्त्यांमुळे आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. भांडवली तरतुदीचा मोठा भाग आधी केलेल्या करारांचे हप्ते फेडण्यातच जातो. सप्टेंबर २०२५मध्ये हिंदुस्थान एरोनॉटिक्सशी ९७ तेजस मार्क-१ए लढाऊ विमानांचा ६२,३७० कोटींचा करार झाला, तो काही एका वर्षाच्या अंदाजपत्रकातून भागत नाही. नवा करार जाहीर झाला की त्याची रक्कम त्या वर्षाच्या तरतुदीतून वजा करत बसू नका.

देशाच्या उत्पन्नाशी तुलना करताना छेद लिहून ठेवा. अंदाजपत्रकाने २०२५-२६चं सकल देशांतर्गत उत्पादन सुमारे ३५७ लाख कोटी धरलं. संरक्षणाचा वाटा निवृत्तिवेतनासह १.९ टक्के येतो, निवृत्तिवेतन वगळलं तर साधारण १.५. दुसऱ्या देशाच्या आकड्यात निवृत्तिवेतन आहे की नाही हे पाहिल्याशिवाय तुलना करू नये.

आता कंपनी. पहिलं साधन ऑर्डर बुक: हातातल्या ऑर्डरींना वर्षाच्या उलाढालीने भागा. मार्च २०२५अखेर हिंदुस्थान एरोनॉटिक्सकडे सुमारे १,८९,३०० कोटींच्या ऑर्डरी होत्या आणि वर्षाची उलाढाल ३०,९८१ कोटी, म्हणजे सहा वर्षांचं काम. रडार आणि इलेक्ट्रॉनिक सामग्री बनवणाऱ्या भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या ७१,६५० कोटींना २३,०२४ कोटींनी भागलं की तीन वर्षं येतात. शेअर बाजारात मोठ्या गुणोत्तराचं कौतुक होतं. पण ते कामाच्या भरतीचं लक्षण असू शकतं, तसंच रखडलेल्या कामाचंही. २०२१च्या करारातली ८३ तेजस मार्क-१ए विमानं मार्च २०२४पासून हवाई दलाला मिळायची होती. त्यांच्यासाठी अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिककडून येणारं पहिलं एफ-४०४ इंजिनच मार्च २०२५मध्ये आलं. म्हणून गुणोत्तराशेजारी त्या वर्षी खरोखर सुपूर्द झालेल्या विमानांचा किंवा जहाजांचा आकडा लिहा.

नफा फोडून पाहणं सगळ्यात महत्त्वाचं, त्याला वेळ द्या. नफा-तोटा पत्रकात ‘कामकाजातून महसूल’ आणि ‘इतर उत्पन्न’ अशा दोन ओळी असतात. इतर उत्पन्नाला करपूर्व नफ्याने भागा. मुंबईतल्या माझगाव डॉक या जहाजबांधणी कंपनीचं इतर उत्पन्न २०२३-२४ आणि २०२४-२५ या दोन्ही वर्षांत हजार कोटींच्या वर आहे, तर २०२४-२५चा करोत्तर नफा २,४१४ कोटी. हे पैसे मुख्यतः बँकेतल्या ठेवींच्या व्याजाचे. ठेवी कुठून आल्या हे ताळेबंदाच्या देणी बाजूला दिसतं: ‘ग्राहकांकडून आगाऊ रक्कम’ किंवा ‘करारापोटी देणी’. ग्राहक म्हणजे नौदल, म्हणजे आपणच. सरकारने आगाऊ दिलेली रक्कम काम होईपर्यंत ठेवीत राहिली आणि तिचं व्याज कंपनीकडे राहिलं, तर ते नफ्यात धरलं जातं. अशा नफ्याला जहाजबांधणीतल्या कौशल्याचं फळ म्हणणं बरोबर नाही. मात्र व्याज कोणाचं हे करारात ठरलेलं असू शकतं, त्यामुळे आगाऊ रकमेची टीप वाचल्याशिवाय निष्कर्ष काढू नका.

किंमत कशी ठरली तेही शोधा. स्पर्धा न घेता एकाच सरकारी कंपनीला नेमून काम दिलं असेल आणि खर्चावर ठरावीक टक्के नफा असेल, तर खर्च कमी करण्याची निकड कंपनीला राहत नाही. निविदेत हा धोका कमी असतो. मार्च २०२५च्या ३०७ एटॅग्स (ओढून न्यायच्या देशी) तोफांच्या, सुमारे ६,९०० कोटींच्या खरेदीत भारत फोर्ज आणि टाटा ॲडव्हान्स्ड सिस्टिम्स या दोघांना काम विभागून मिळालं.

‘देशी’ शिक्क्याची तपासणी संचालकांच्या अहवालात होते. परकीय चलनाची मिळकत आणि खर्च तिथे देणं कंपनी कायद्याने सक्तीचं आहे; मात्र संरक्षण सामग्री बनवणाऱ्या सरकारी कंपन्यांना यातून सूट आहे, त्यामुळे त्यांच्या अहवालात हा आकडा नसूही शकतो. जिथे आकडा मिळेल तिथे परकीय चलनातल्या खर्चाला उलाढालीने भागा, पाच वर्षं ओळीने मांडा. रुपया घसरला की हे प्रमाण आयात न वाढताही फुगतं, तेवढं सांभाळा.

पैसा कोणत्या गावात पोचतो हे मुख्यालयाच्या पत्त्यावरून कळत नाही. हिंदुस्थान एरोनॉटिक्सचं मुख्यालय बंगळुरूत, पण तेजसची तिसरी उत्पादन साखळी ऑक्टोबर २०२५मध्ये नाशिकला सुरू झाली. उलट दारूगोळा बनवणाऱ्या म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीचं मुख्यालय पुण्यात आहे आणि तिचे कारखाने अनेक राज्यांत. म्हणून विभागवार आकडे मागा.

शेवटी सरकारकडे परत किती येतं ते काढा. हिंदुस्थान एरोनॉटिक्सने २०२४-२५साठी शेअरमागे ४० रुपये लाभांश दिला. शेअर ६६.८८ कोटी, म्हणजे सुमारे २,६७५ कोटी. त्यात सरकारचा वाटा ७१.६४ टक्के, साधारण १,९०० कोटी. करोत्तर नफा ८,३६४ कोटी होता. फरकातला काही भाग इतर भागधारकांचा, उरलेला कंपनीतच राहिला. तो नव्या यंत्रांवर आणि संशोधनावर गेला की ठेवींत, हे रोकड प्रवाह पत्रकाच्या ‘गुंतवणूक’ भागात दिसतं.