थर्माकोल विरघळवून फायबरग्लासचा पोकळ पाइप कसा बनवावा

जुन्या गाडीचा वळणदार एअर डक्ट (हवा वाहून नेणारा पाइप) फुटला की नवा मिळणं मुश्किल. दोन भागांचा साचा करून जोडत बसण्यापेक्षा थर्माकोलचा गाभा घडवा, त्यावर फायबर चढवा आणि गाभा ॲसिटोनने विरघळवून काढा.

आधी थर्माकोलचा तुकडा ॲसिटोनमध्ये टाकून बघा. लगेच विरघळून खाली बसला तर ठीक. पीयू (पॉलियुरेथेन) फोम विरघळत नाही, तो इथे चालणार नाही. गाभा आतल्या मापाचा कापा, दोन्ही टोकांना दोन-दोन इंच जास्त ठेवा आणि बारीक सँडपेपरने घासा. त्यावरचा प्रत्येक खड्डा पाइपच्या आत उमटतो.

खरी मेख रेझिनमध्ये, म्हणजे कापड भिजवून कडक करणाऱ्या चिकट द्रवात आहे. पॉलिएस्टर रेझिन स्वस्त, पण त्यातलं स्टायरिन थर्माकोल खाऊन टाकतं. म्हणून इपॉक्सीच घ्या, पैसे वाचवायची ही जागा नव्हे. सोबत मॅट (काचेच्या सुट्या तंतूंची चादर) न घेता विणलेलं काचेचं कापड घ्या. साध्या मॅटमधला तंतू धरून ठेवणारा बाइंडर स्टायरिनमध्येच विरघळतो, इपॉक्सीत ती कडकच राहते. हार्डनर (रेझिन घट्ट करणारा दुसरा द्रव) डब्यावरच्या प्रमाणात, वजनकाट्यावर मोजून घाला. नाशिकच्या एप्रिल-मेच्या उन्हात कपातलं मिश्रण भराभर तापून घट्ट होतं, त्यामुळे थोडं थोडं कालवा आणि पसरट भांड्यात ओता.

२०० जीएसएम (चौरस मीटरला २०० ग्रॅम) कापडाच्या, विणीला तिरप्या पट्ट्या कापा, वळणावर त्या सुरकुतत नाहीत. गाभ्याला रेझिन लावा, पट्टी ठेवा आणि कापड पारदर्शक होईपर्यंत ब्रशने ठोका. पांढरा ठिपका दिसला की तिथे हवा अडकली आहे. असे तीन थर पुरतात, जाडी साधारण पाऊण मिलिमीटर भरते.

आता घाई नको. हात लावून कडक वाटलं तरी निदान आठवडाभर थांबा, थंडीत त्याहून जास्त. कच्च्या इपॉक्सीला ॲसिटोन मऊ करतं.

मग टोकं करवतीने कापा. मास्क हवाच, काचेची धूळ छातीत जाते. पाइप पत्र्याच्या ट्रेमध्ये उभा धरून वरून थोडं थोडं ॲसिटोन ओता. थर्माकोल फसफसत खाली बसतो आणि चिकट लगदा उरतो. तो तारेने ओढून काढा, पाइप आतून पुसा. हे काम मोकळ्या अंगणातच करा. ॲसिटोनची वाफ हवेपेक्षा जड, जमिनीलगत पसरते आणि दूरची ठिणगीही पकडते. विडी, गॅस, ग्राइंडर जवळ नको.

पाइप सायलेन्सरपासून लांब बसवा, घरी सुकवलेली साधी इपॉक्सी ६० अंशांच्या आसपास मऊ पडू लागते. लगदा गटारात किंवा मोरीत टाकू नका. झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात भरा आणि घातक कचरा घेणाऱ्यांकडे द्या.