जुन्या वस्तूंत मिळालेले नाणे शोभेची प्रतिकृती आहे का, हे कसे ओळखावे

मोडक्या दागिन्यांच्या डब्यात किंवा किल्ल्यांच्या जुडग्याला लटकलेले एखादे प्राचीन दिसणारे नाणे हाती आले, की ते खरे की खोटे हाच प्रश्न आधी मनात येतो. मात्र अशा बहुतेक चकत्या कोणाला फसवण्यासाठी केलेल्याच नसतात. संग्रहालयातील भेटवस्तू, नाटकातील सामान, लॉकेट, खेळण्यातील खजिना अशा कामांसाठी त्या बनतात. म्हणून ही नक्कल कोणत्या नाण्याची आहे आणि ती कशी घडवली, असे विचारत गेल्यास उलगडा लवकर होतो.

सुरुवातीला नाणे घासू नये, पावडर किंवा चिंच लावू नये. घासल्याने पुरावा नाहीसा होतो आणि चुकून नाणे अस्सल निघाले, तर त्याची किंमतही उतरते. मऊ ब्रशने धूळ झटकणे पुरेसे आहे.

त्यानंतर भिंग घेऊन आधी कड पाहावी, चित्र नंतर. नक्कल करणारा चेहऱ्यावर कष्ट घेतो आणि कडेकडे दुर्लक्ष करतो, त्यामुळे सर्वांत बोलका पुरावा बहुधा तिथेच मिळतो. कडेच्या मधोमध बारीक रेष चारी बाजूंनी फिरलेली दिसली, किंवा ती कानशीने घासून काढल्याच्या खुणा दिसल्या, तर वितळलेला धातू दोन भागांच्या साच्यात ओतला गेला असावा. ओतीव वस्तूवर हवेच्या बुडबुड्यांचे टाचणीच्या टोकाएवढे खड्डे राहतात आणि अक्षरांचे कोपरे साबणाच्या वापरलेल्या वडीसारखे गोलसर होतात. ठशांमध्ये दाबून पाडलेल्या नाण्यावर मात्र, ते झिजलेले असले तरी, अक्षरांच्या बुडाशी रेषा सहसा स्पष्ट असते. या निकषाला अपवाद आहेत. चीनमधील चौकोनी भोकाची नाणी शतकानुशतके ओतूनच बनत असत. शिवाय सांध्याची रेष असलेली प्रत्येक नक्कल स्वस्त असतेच असे नाही: ब्रिटिश म्युझियमसाठी रॉबर्ट रेडी यांनी १९व्या शतकात विजेच्या साहाय्याने केलेल्या प्रतिकृतींमध्ये दोन पातळ कवचे जोडलेली असतात आणि त्यांच्या कडेवर ‘RR’ ही रोमन अक्षरे आढळतात. अशी वस्तू संग्राहकांना हवी असते.

पुढची पायरी लोहचुंबकाची. नाणे चिकटले, तर ते सोन्याचे, चांदीचे किंवा तांब्याचे नाही. न चिकटल्यास मात्र काहीच सिद्ध होत नाही, कारण जस्त, कथील, पितळ आणि शिसे यांनाही चुंबक ओढत नाही.

खरा निकाल वजन देते. समजा, चकती स्पेनच्या जुन्या ‘आठ रेआल’ नाण्यासारखी दिसते. मूळ नाणे सुमारे २७ ग्रॅमचे आणि जवळजवळ ९० टक्के चांदीचे असते. तेवढ्याच आकाराची जस्ताच्या मिश्रधातूची नक्कल १७-१८ ग्रॅमच्या आसपास भरते. आकार जुळत नसेल, तर घनता काढावी. लहान डिजिटल काट्यावर पाण्याची वाटी ठेवून काटा शून्यावर आणावा आणि बारीक दोऱ्याला बांधलेले नाणे तळाला किंवा बाजूला न टेकवता पूर्ण बुडवावे. काटा जितके ग्रॅम दाखवेल, तितके घन सेंटीमीटर नाण्याचे आकारमान समजावे. कोरडे वजन १७.५ ग्रॅम आणि पाण्यातील आकडा २.६ आला, तर भागाकार ६.७ येतो, म्हणजे जस्ताचा मिश्रधातू. शुद्ध चांदीसाठी हाच आकडा सुमारे १०.५, सोन्यासाठी १९.३, तर तांब्यासाठी ८.९ येतो. लॉकेटची कडी आधी काढून ठेवावी, नाहीतर उत्तर चुकते. शिसे ११.३ एवढे जड असल्याने शिसेमिश्रित नक्कल चांदीच्या जवळ पोहोचू शकते; पण ती मऊ असते आणि कागदावर ओढल्यास करडी रेघ उमटवते. अशी वस्तू मुलांच्या हाती देऊ नये आणि हाताळल्यावर हात धुवावेत.

आता मूळ नाण्याचा शोध घ्यावा. दोन्ही बाजूंची छायाचित्रे संग्रहालयांच्या सूचींशी ताडून पाहावीत. हातोड्याने पाडलेल्या जुन्या नाण्यांत चित्र थोडे सरकलेले, काठ फाटलेला असतो आणि दोन नाणी तंतोतंत सारखी नसतात. त्यामुळे दुसऱ्या एखाद्या नगावर नेमकी तीच भेग आणि तोच ओरखडा दिसला, तर दोन्ही एकाच साच्यातून निघाली असण्याची दाट शक्यता असते. केवळ सालावर विसंबू नये: ऑस्ट्रियाची राणी मारिया थेरेसा हिच्या ‘थालर’ या चांदीच्या नाण्यावर १७८० हेच साल कायम ठेवून तो नंतरही टांकसाळींत पाडला गेला, त्यामुळे तो नवा असूनही खऱ्या चांदीचा असू शकतो.

शेवटी खुणा शोधाव्यात. अमेरिकेत १९७३ च्या कायद्यानुसार नाण्यांच्या नकलांवर ‘COPY’ (कॉपी) हा शब्द उमटवणे बंधनकारक आहे. तो कधी चित्राच्या घडीत लपलेला, तर कधी खरवडून काढलेला असतो, म्हणून सपाट भागातील अनाठायी ओरखड्यांकडे तिरप्या उजेडात पाहावे. कडी जोडल्याच्या जागी डाख दिसला, तर तेवढ्यावरून नाणे नकली ठरवू नये, कारण अस्सल नाण्यांचेही दागिने होतात. वजन, व्यास, घनता आणि कडेचे छायाचित्र एकत्र नोंदवून ठेवावे. यातील आकडे मूळ नाण्याशी जुळत असतील, तरच जाणकाराकडे जाण्याचा खर्च करावा.