कुत्रं अचानक मलूल झालं तर आधी काय बघायचं

कुत्र्याच्या आजारपणातलं सगळ्यात उपयोगी काम ते धडधाकट असतानाच करून ठेवायचं असतं. त्याचं रोजचं काय आहे ते आपल्याला ठाऊक पाहिजे, तरच आज काय बिघडलंय ते कळतं.

माझी भिंगरी कारवानी, म्हणजे आपल्याकडच्या सडपातळ शिकारी जातीची कुत्री. कोल्हापूरजवळ कळंब्याला उसाच्या फडाला लागून आमचं घर. तिचं जरा काही बिनसलं की माझे हातपाय गळतात, काही सुचत नाही. म्हणून तिची एक वहीच केली आहे. वजन, ताप, हिरड्यांचा रंग, गाढ झोपेतला श्वास, दिवसाला साधारण किती पाणी पिते, सगळं त्यात आहे.

ताप थर्मामीटरनंच बघायचा. साधा डिजिटल चालतो, फक्त तो कुत्र्यासाठी वेगळा ठेवा. टोकाला व्हॅसलीन लावून हळूच शेपटीखाली गुदद्वारात घालायचा, एकानं डोकं कुशीत धरायचं. निरोगी कुत्र्याचं तापमान 101 ते 102.5 फॅरनहाइट असतं. आपल्या हाताला ते नेहमी गरमच लागणार, त्यामुळे हात लावून ताप ठरत नाही. नाक ओलं की कोरडं यावरूनही ठरत नाही. 103 च्या वर गेलं तर त्याच दिवशी डॉक्टर, 104 च्या वर किंवा 99 च्या खाली असेल तर लगेच.

मग ओठ वर करून हिरडी बघा. गुलाबी हवी. बोटानं दाबली की पांढरी पडते आणि दोन सेकंदांच्या आत परत गुलाबी व्हायला पाहिजे. काहींच्या हिरड्या मुळातच काळ्या असतात, त्यांची खालची पापणी ओढून आतला रंग बघा. पांढरटपणा, निळसर झाक, पिवळेपणा, यातलं काहीही दिसलं तर थांबू नका. श्वास झोपेत मोजायचा: अर्धा मिनिट छाती किती वेळा वर येते ते मोजून दुप्पट करा. तिशीच्या आत असतो. शांत झोपेतही चाळिशीच्या पुढे जात असेल तर ती धाप आहे.

भिंगरीला गोचीडताप झाला तेव्हा ही वही कामाला आली. तिनं भाकरी-दूध नुसतं हुंगलं आणि जिन्याखाली जाऊन बसली. उलटी नाही, जुलाब नाही. घरातली म्हणाली, उन्हाचं असेल, राहू दे. पण हिरडी रोजच्यापेक्षा फिकी होती, ताप चढलेला, आणि पोटाच्या उघड्या कातडीवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके. डॉक्टरांनी रक्त तपासलं, प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, फार खाली आल्या होत्या. गोचीड चावल्यावर लगेच काही दिसत नाही, पुढं कधीतरी कुत्रं असं अचानक बसतं. गोचीड कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात आणि पट्ट्याखाली लपतात, तिथं रोज हात फिरवा. लघवी काळ्या चहासारखी दिसली तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा.

काही गोष्टींत तास मोजायला बसायचंच नाही. पोट नगाऱ्यासारखं ताठ, कुत्रं उमासे काढतंय पण फेसाशिवाय काही पडत नाही, एका जागी बसत नाही: जठर फुगून पिळा पडलेला असू शकतो. खोल छातीच्या कुत्र्यांना, म्हणजे जर्मन शेफर्ड, डॉबरमन, ग्रेट डेन आणि आपल्या कारवानीलासुद्धा, हा धोका जास्त. काही तासांत जीव जातो, सकाळची वाट बघू नका. नराला जोर लावूनही लघवी होत नसेल, झटके थांबत नसतील, उन्हात कोसळला असेल, तरीही तसंच निघायचं. उन्हाचा झटका असेल तर निघतानाच अंगावर साधं पाणी ओता आणि वारा घाला. पिल्लाला उलट्या आणि रक्ताचे जुलाब म्हणजे पार्वो या आतड्याच्या विषाणूरोगाची शंका, त्यात एक रात्रही फार होते. ऑपरेशन न केलेली मादी माजावर येऊन गेल्यावर महिना-दोन महिन्यांत मलूल झाली आणि खूप पाणी प्यायला लागली, तर गर्भाशयात पू झालेला असू शकतो.

आपल्याकडची काही कारणं आपणच ओळखून असावीत. आखाडात घरोघरी मटण शिजतं आणि मायेनं हाडं कुत्र्यापुढं येतात. शिजलेलं हाड चिरफळतं, आतड्यात रुततं. तांबड्या रश्श्यात कांदा-लसूण असतो, त्यानं कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. उसात टाकलेल्या दाणेदार औषधानं लाळ गळते, बाहुल्या बारीक होतात, अंग थरथरतं. उंदराच्या औषधाचं उलटं आहे, खाल्ल्यावर दोन-चार दिवस काहीच दिसत नाही आणि मग रक्तस्राव सुरू होतो. खाताना बघितलं असेल तर कुत्रं उड्या मारत असलं तरी न्या, पाकीट बरोबर घ्या. मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका. फडातून तोंड किंवा पाय सुजून आलं तर साप धरून चाला: बांधायचं नाही, चिरा द्यायचा नाही, चालवायचं नाही, उचलून न्यायचं.

पंचगंगेला पूर येतो तेव्हा, 2019 आणि 2021 ला तर गावागावांत पाणी शिरलं होतं, उंदरांच्या मुतानं खराब झालेल्या पाण्यातून लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस, एक जंतुरोग) धोका वाढतो. ताप, उलट्या, मग डोळे पिवळे. हा माणसालाही होतो, म्हणून त्या कुत्र्याची लघवी हातमोजे घालूनच पुसा. लेप्टोची लस दरवर्षी द्यावी लागते.

जबडा लोंबतोय, लाळ गळतेय, गिळता येत नाही, वागणं बदललंय, तर घशात हाड अडकलंय म्हणून तोंडात हात घालू नका. रेबीजही असाच दिसतो. चावलं किंवा जखमेला लाळ लागली तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा.

आता औषधाचं. आपली तापाची गोळी अर्धीसुद्धा देऊ नका. पॅरासिटामॉल आणि आयब्युप्रोफेन दोन्ही कुत्र्याचा जीव घेऊ शकतात. शेजारचे मायेनं सांगतात, ऐकून घ्या, पण डॉक्टरांशी बोलल्याशिवाय पोटात काही जाऊ देऊ नका. मोठं कुत्रं गवत खाऊन एकदाच ओकलं आणि परत शेपूट हलवायला लागलं, तर काही तास खाणं बंद ठेवून थोडं थोडं पाणी द्यायला हरकत नाही.

फोनवर “डॉक्टर, बरं नाही हो तिला” एवढंच म्हणू नका. “कारवानी मादी, 22 किलो, सकाळपासून चार उलट्या, शेवटचीत पिवळं पाणी, ताप 103.6, हिरडी फिकी,” असं सांगितलं की लगेच आणायचं का, हे त्यांना तिथल्या तिथं ठरवता येतं. उलटीचा, शीचा, झटक्याचा मोबाइलवर व्हिडिओ काढा. दवाखान्यात गेल्यावर कुत्री हमखास तरतरीत दिसतात. कारवानी, पश्मी, मुधोळ असेल तर जात आवर्जून सांगा. अंगावर चरबी कमी असल्यामुळे भुलीच्या काही औषधांचा अंमल त्यांच्यावर लांबतो.

रात्री कोण डॉक्टर फोन घेतात, हे आजच विचारून ठेवा. कुत्रं बसवून घेणाऱ्या एखाद्या रिक्षावाल्या दादांचा नंबरही घ्या. उचलताना चादरीची झोळी करा आणि दोघांनी धरा. दुखण्यात आपलं कुत्रंही चावतं, म्हणून ओढणीनं तोंड बांधावं लागतं, पण उलटी किंवा धाप असेल तर अजिबात बांधू नका.

गोचीडतापाच्या गोळ्या बहुधा 28 दिवस चालतात. पहिल्या आठवड्यातच भिंगरी फडाच्या बांधावरून धावायला लागली होती, तरी आम्ही गोळ्या पुऱ्या केल्या, प्रत्येक गोळी खाण्याबरोबरच दिली आणि डॉक्टरांनी बोलावलं त्या तारखेला परत रक्त तपासून घेतलं.