ट्रेलरचा एसी नुसताच गुरगुरायचा

ऑगस्टमधलं टेक्सास, बाहेर चाळीस डिग्री आणि आमच्या ट्रेलरच्या, म्हणजे गाडीमागे ओढायच्या फिरत्या घराच्या, छतावरचा एसी रुसलेला. पंखा फिरायचा, कॉम्प्रेसर मात्र 'हुंss' करून बंद. मला वाटलं, कॉम्प्रेसरला सुरुवातीचा धक्का देणारा कपॅसिटर गेला. नवा मागवणारच होतो, तेवढ्यात बायको म्हणाली, "अरे, आधी व्होल्टेज तरी बघ!"

मल्टिमीटर आतल्या सॉकेटला लावला. एसी बंद असताना ११८ व्होल्ट (इथे साधारण एवढेच असतात), कॉम्प्रेसर सुरू व्हायला गेला की थेट ९८. कॅम्पग्राउंडच्या खांबावर, जिथून केबलने ट्रेलरला वीज येते, तिथे मात्र ११६ च्या खाली येईना. म्हणजे घोळ मधल्या केबलमध्ये. खांबावरचा ब्रेकर पाडून ३० अँपिअरचा प्लग उपसला तर चटकाच बसला. एक पाती काळी पडलेली, भोवतीचं प्लॅस्टिक पापडासारखं फुगलेलं. आतला स्क्रू ढिला होता, बस्स.

केबल वीतभर कापून चांगली तांब्याची तार काढली, नवा प्लग बसवला. इथे काळी तार फेज, पांढरी न्यूट्रल. आपल्याकडच्या जुन्या वायरिंगात काळी म्हणजे न्यूट्रल, त्यामुळे हात दोनदा अडखळला. आता एसी चालू असताना ११३ मिळतात. मायक्रोवेव्ह आणि गीझर मात्र एसीबरोबर लावत नाही. ३० अँपिअरात तिघांचं भागत नाही.