जवळपासची माणसं शोधणारी ॲप्स वापरताय? या चुका टाळा

नेरूळला राहायला आले तेव्हा इथं माझ्या ओळखीचं कुणी नव्हतं. आता रविवारी सकाळी आम्ही सहाजणी ज्वेल ऑफ नवी मुंबईला चालायला जातो, त्यातल्या तिघी मला 'जवळपासचे लोक' दाखवणाऱ्या चॅट ॲपवरच भेटल्या. त्यामुळे ॲप काढून टाका असं मी कुणालाच सांगणार नाही. पण नवीन माणसं त्याच त्याच चुका करत राहतात, आणि त्यातल्या एका चुकीनं माझ्या भाचीची झोप उडवली होती.

घरी बसून ॲप उघडणं

भाची लातूरहून नोकरीसाठी खारघरला आली. शहर नवं, रूमवर एकटी. रोज रात्री जेवण झालं की ॲप उघडून बसायची. पत्ता कुणाला दिला नव्हता, आडनावही लावलं नव्हतं. आठ-नऊ दिवसांनी एका माणसानं तिला फोटो पाठवला. तिच्याच सोसायटीचं गेट, बाजूला वॉचमनची निळी प्लास्टिकची खुर्ची. खाली लिहिलेलं, 'इथंच राहतेस ना?' रात्री साडेअकराला तिचा फोन आला तेव्हा तिला धड बोलता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून मी तिच्याकडे गेले. तिचा फोन घरी ठेवला आणि माझा घेऊन रिक्षानं फिरले. ॲपनं तिचं अंतर खारघर स्टेशनबाहेर १.९ किमी दाखवलं, उत्सव चौकात ६०० मीटर, सेंट्रल पार्कच्या गेटवर १.४ किमी. येऊन नकाशाची प्रिंट काढली आणि प्रत्येक जागा मध्यबिंदू, तिथलं अंतर त्रिज्या धरून कंपासनं तीन वर्तुळं काढली. तिन्ही जिथं छेदली ती तिचीच गल्ली! याला हॅकर लागत नाही, शाळेतली भूमिती पुरते. टिंडरसारख्या मोठ्या ॲपमधूनही माणसाचं नेमकं ठिकाण असंच काढता येतं, हे संशोधकांनी २०१४ मध्ये उघड केलं होतं.

तेव्हापासून माझी सवय ठरलेली आहे. ॲप घरी उघडायचंच नाही. नेरूळ स्टेशनबाहेर उघडते, बोलून घेते, लोकेशन बंद करते आणि मग घरी जाते. ॲपच्या सेटिंगमध्ये अंतर लपवायची सोय असेल तर ती आधी चालू करा. शिवाय अँड्रॉइड १२ पासून लोकेशनची परवानगी देताना 'अंदाजे' निवडता येतं. मग ॲपला साधारण ३ चौरस किलोमीटरचा टापू कळतो, तुमची बिल्डिंग नाही. आयफोनमध्ये आयओएस १४ पासून 'अचूक लोकेशन' बंद करता येतं. दोन मिनिटांचं काम आहे, तरी दहातले नऊ नवखे 'अलाऊ' दाबून पुढे पळतात. या घाईचा मला मनापासून राग येतो.

अंतर बघून भेट ठरवणं

ॲप अंतर मोजतं ते सरळ रेषेत. ठाण्यात मानपाड्याला राहणाऱ्या माझ्या मैत्रिणीला बोरिवलीची माणसं १२ किमीवर दिसतात. मधलं येऊरचं जंगल ॲपला कुठं ठाऊक? घोडबंदर रोडनं वळसा घालून जायचं तर अंतर जवळजवळ दुप्पट, आणि ट्रॅफिक लागला तर अख्खी संध्याकाळ गेली. ऐरोली-मुलुंडच्या मध्येही खाडी आहे, लोकलनं जायचं तर ठाण्यावरून वळसा. आधी स्टेशन विचारा, मग हो म्हणा.

आणि नवी मुंबईत नुसतं 'सेक्टर १०' सांगू नका. सेक्टर १० वाशीलाही आहे, नेरूळलाही, खारघरलाही. आमच्यातली एक बाई पहिल्या भेटीला पाऊण तास वाशीत उभी होती आणि दुसरी नेरूळला. दोघींनाही वाटलं, समोरच्या बाईनं फसवलं. नोड (म्हणजे वाशी, नेरूळ, खारघर असा भाग), सेक्टर आणि खूण, तिन्ही सांगा.

पहिल्याच दिवशी घरी बोलावणं किंवा कुणाच्या घरी जाणं

नको. ठाण्यात तलावपाळी आहे, वाशीत सागर विहार आहे. उजेडी भेटा.

फेक लोकेशनचं ॲप टाकणं

हा शॉर्टकट सुचवणारे खूप भेटतील. त्यानं तुमचं ठिकाण लपतं खरं, पण समोर दिसणारी माणसंही भलतीकडची असतात, आणि खातं ब्लॉक होऊ शकतं ते वेगळंच.

अनोळखी माणसाला लाइव्ह लोकेशन देणं

त्याला फक्त भेटीच्या जागेचा पिन पाठवा. लाइव्ह लोकेशन घरच्यांसाठी. व्हॉट्सॲपवर १५ मिनिटं, १ तास आणि ८ तास असे पर्याय आहेत. भेटायला निघताना मी १ तासाचं बहिणीला पाठवते.

कुणीच दिसत नाही म्हणून ॲप पुन्हा पुन्हा टाकणं

आधी परवानगी आणि बॅटरी सेव्हर तपासा. बंद इमारतीत जीपीएस कमजोर पडतं, फोन वायफाय आणि टॉवरवरून अंदाज बांधतो आणि ठिकाण उड्या मारतं. बाहेर मोकळ्यावर या आणि पाच मिनिटं थांबा. बरेचदा तेवढ्यानं भागतं.

पहिल्या दोन ओळींतच प्रेमात पडणाऱ्यावर विश्वास ठेवणं

टेलिग्रामनं जवळपासची माणसं दाखवणारं 'पीपल निअरबाय' २०२४ च्या सप्टेंबरमध्ये बंद केलं, ते बॉट (माणसाऐवजी आपोआप चालणारी खाती) आणि फसवणाऱ्यांच्या त्रासामुळेच. कुणी पैसे मागितले, किंवा व्हिडिओ कॉल रेकॉर्ड करून धमकावलं, तर एक रुपयाही देऊ नका. चॅट डिलीट करू नका, स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि लगेच सायबर गुन्ह्यांच्या १९३० या हेल्पलाइनला फोन लावा. आमच्या भाचीनं घाबरून तो गेटचा फोटोच पुसून टाकला होता, त्यामुळे चौकीत दाखवायला आमच्याकडे काही उरलं नव्हतं.