परभाषेतल्या उपासनेत आधी आकडे शिका

नव्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, उपासनेची भाषा कळत नसेल, तर व्याकरणाच्या मागे लागू नका. आधी त्या भाषेतले आकडे पाठ करा. बायबलमधल्या अध्याय आणि वचनांचे क्रमांक सगळ्या भाषांत जवळजवळ सारखेच असतात, त्यामुळे ‘योहान 3:16’ एवढं कानाने टिपता आलं की मांडीवरचं मराठी बायबल उघडून तुम्ही वाचनासोबत राहता. स्तोत्रांत मात्र एक गोम आहे. काही कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स परंपरांत बऱ्याच स्तोत्रांचा क्रमांक एकने मागे असतो. आपलं 23वं, ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’, तिथे 22वं निघतं. पान चुकलं म्हणून गोंधळू नका.

दुसरं पाठांतर प्रभूच्या प्रार्थनेचं. ती सगळे मिळून म्हणतात, म्हणून आपला अडखळता उच्चार त्यात सहज खपून जातो. मत्तय 6:9-13 दोन्ही भाषांत एकाच कागदावर शेजारीशेजारी लिहा आणि घरच्या प्रार्थनेत आठवडाभर म्हणा.

पाळकांकडून (चर्चच्या धर्मगुरूंकडून) शास्त्रपाठ, म्हणजे बायबलमधून वाचायचे उतारे, आणि गीतांचे क्रमांक शनिवारीच मागून घ्या. ते बहुतेक आनंदाने देतात. संकोच आपलाच असतो.

मुलं भाषा लवकर उचलतील. पण उपदेश चालू असताना ‘काय म्हणाले गं?’ म्हणून लेकीला कोपराने ढोसू नका, तिलाही उपासना करू द्या. आजीआजोबांसाठी घरी मराठी गीतं चालूच ठेवा.